मोईन सरांचा बल्ब

मोईन सरांना प्रश्न विचारला की उत्तर मिळायचं नाही, काम मिळायचं. जालन्याच्या एका तंत्रशाळेत मी त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षं नोकरी केली. ते वायरमनचा वर्ग घ्यायचे, मी फिटरचा. राहायलाही आम्ही मस्तगडामागच्या एकाच गल्लीत, मध्ये दोन घरं सोडून. एवढ्या काळात त्यांनी मला कशाचंही सरळ हो किंवा नाही असं उत्तर दिल्याचं आठवत नाही. आज हे लिहायला बसलो तरी आधी राग येतो तो याचाच. माया नंतर येते, आणि लाज त्याच्याही नंतर.

‘मोजलं का?’ हे त्यांचं वाक्य. कुणी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललं की आज उकाडा लई आहे सर, तरी ते विचारायचे, मोजलं का? समोरचा हसायचा. सर हसायचे नाहीत. शर्टाच्या खिशाला त्यांनी शिंप्याकडून आतून उभा कप्पा शिवून घेतला होता. त्यात एका बाजूला टेस्टर आणि दुसऱ्या बाजूला फडक्यात गुंडाळलेला काचेचा थर्मामीटर. स्टाफरूममध्ये मी एकदा चहा गार असल्याची कुरकुर केली, तर त्यांनी थर्मामीटर पुसून माझ्या कपात बुडवला आणि आकडा सांगितला. तो चहा मी प्यायलो नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्यासमोर चहाबद्दल बोलायचं मात्र सोडून दिलं.

एकदा प्राचार्यांच्या खोलीतला पंखा हळू फिरायला लागला. प्राचार्य म्हणाले, नवा आणा. मोईन सर म्हणाले, आधी व्होल्टेज मोजतो. एप्रिलचा महिना. तीन दिवस हे गृहस्थ दर तासाला मीटर घेऊन येत आणि वहीत आकडा लिहून जात, आणि प्राचार्य बनियन ओलं होईपर्यंत फाइलीने वारा घेत बसत. चौथ्या दिवशी सरांनी मीटरच्या पेटीमागचं प्लास्टर फोडलं. आत वायरीचा सांधा जळून काळा झाला होता. पंखा चांगलाच होता. नवा आणला असता तर तोही हळूच फिरला असता आणि एखाद्या दिवशी पेटीने पेट घेतला असता. म्हणजे सर बरोबर निघाले. ते नेहमी बरोबर निघायचे, त्यामुळे आम्हाला धड चिडताही यायचं नाही.

त्यांच्या घरी पुढच्या खोलीत तीन फुटांची माशांची काचपेटी होती. तिचं झाकण सरांनी जुन्या सागवानी दाराच्या फळीतून स्वतः बनवलेलं. आतून चिनीमातीचे दोन होल्डर, त्यात साठ-साठचे दोन बल्ब. दिवसा दोन्ही चालू, रात्री एकच, तोही लाल रंग दिलेला, माशांची झोपमोड होऊ नये म्हणून. बाकी जगात ट्यूब आली, मग वळणावळणाचे सीएफएल आले, तरी सरांच्या पेटीवर साधे पिवळे बल्बच. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘या दिव्याला दोन कामं हाईत. एक उजेडाचं, दुसरं ऊबंचं. तुम्ही नुसतं उजेडाचं बघून राह्यले.’

पाणी गरम ठेवणारा हीटर त्यांनी एकदा लावून पाहिला होता. औरंगाबादहून आणलेला, काचेच्या नळीतला. एके दिवशी व्होल्टेज वरखाली झालं आणि हीटर बंद व्हायचं विसरला. सर शाळेतून घरी आले तर पेटीतलं पाणी हाताला चांगलंच गरम लागत होतं आणि मासे वर तरंगत होते. सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, सांगायच्या, दोन दिवस हा माणूस जेवला नाही. पण जेवण सोडायच्या आधी त्यांनी पाणी मोजलं होतं. वहीत एकोणचाळीस असा आकडा आणि शेजारी ‘चूक माझी’ असे दोन शब्द आहेत. ते पान मी पुढे स्वतः पाहिलं. त्या दिवसापासून पाण्यात वायर घालायची नाही हा त्यांचा नियम झाला.

जालन्यात मासे पाळणं हा तेव्हा गुन्हाच होता म्हणा ना. नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी यायचं आणि टँकर आला की गल्लीत हंड्यांची आदळआपट सुरू व्हायची. समोरच्या काकू सरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या की माणसाला प्यायला न्हाई अन् सरचे मासे डुंबून राह्यले. दुसरा एखादा भांडला असता. सरांनी दारावर कागद चिकटवला: आठवड्याला पेटीत दोन बादल्या नवं पाणी जातं, दोन बादल्या जुनं बाहेर येतं, त्यावर भाभींची पुदिन्याची अन् कढीपत्त्याची झाडं जगतात. काकूंना वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी वाचलं नाही. भाभी कपाळाला हात लावायच्या. मला एकदा म्हणाल्या, ‘तौर भाई, मेरे से कम, मच्छी से जास्ती बात करते ये.’

ते मासे एंजल. चपटे, त्रिकोणी, अंगावर काळे पट्टे आणि खाली दोऱ्यासारखे लांब पर. सरांच्या मनात एकच गोष्ट होती: आपल्या पेटीत एंजलचं पिल्लू पोहलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी शाळेच्या फुटक्या पाटीचा तुकडा काचेला तिरपा टेकवून ठेवला होता. मादी त्यावर ओळीने अंडी घालायची. दोन दिवसांत ती पांढरी पडायची, किंवा आईबापच खाऊन टाकायचे. जोड्या बदलल्या, पाटी बदलली. अकरा वर्षं हे चाललं होतं. जालन्याचं पाणी जड आहे, इथे व्हायचं नाही, असं सगळे सांगायचे. सरांचं म्हणणं वेगळं. पाणी जड असू दे, पण ऊब कमीजास्त होता कामा नये. सव्वीसच्या खाली गेली की अंडं मरतं. हे त्यांनी कुठं वाचलं नव्हतं, वहीतल्या आकड्यांवरून काढलं होतं. रोज सकाळी एक, संध्याकाळी एक, असे अकरा वर्षांचे आकडे.

मग भारनियमन आलं. दिवसाचे सहा-सहा, सात-सात तास वीज नाही. बल्ब गेले की ऊब गेली. त्यावर सरांनी उपाय काढला तो गोधडीचा. लाइट गेली की पेटीला चारही बाजूंनी आणि वरून गोधडी गुंडाळायची, आली की काढायची. गल्लीतले लोक म्हणायचे, सरने माशाला दुलई घातली. सर लक्ष द्यायचे नाहीत. ते तोवर रिटायर झाले होते, आणि दिवसभर त्यांना मोजायला मोकळा वेळ होता.

त्याच सुमाराला एलईडीच्या पट्ट्या बाजारात दिसायला लागल्या. सरांनी एक आणली आणि मागच्या खोलीतल्या लहान पेटीवर लावली. वहीत दोन रकाने पाडले, बल्ब आणि एलईडी. पाणवनस्पती कुठे जास्त वाढते, काचेवर शेवाळ कुठे जास्त धरतं, वीज किती खाते, व्होल्टेज पडल्यावर कोण तग धरतं, सगळं लिहायचे. मी डोकावून पाहिलं तर बहुतेक ओळींत एलईडीची बाजू वरचढ होती. मी विचारलं, मग ठरलं ना? एलईडीच चांगली ना? सर म्हणाले, ‘एका हिवाळ्यानं काय होतंय? तीन हिवाळे पायजेत.’

मला उत्तर हवं होतं, कारण त्याच वर्षी आमच्या घरात मासे आले होते. बायकोच्या मावसभावाने वास्तुशास्त्र शिकून घेतलं होतं आणि ईशान्येला मासे ठेवले की घराला बरकत येते, असं त्याने तिच्या डोक्यात भरवलं. पेटी आली, त्यात सहा गोल्डफिश आले, आणि दिवा कोणता लावायचा हे विचारायला मी सरांकडे गेलो. त्यांनी मला एक जादा थर्मामीटर आणि कोरी वही दिली आणि सांगितलं, पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मोजा, मंग बघू. मी चौथ्या दिवशी कंटाळलो आणि एलईडी लावून मोकळा झालो. गोल्डफिश मजेत राहिले. हिवाळ्यातही राहिले. मी सरांना मुद्दाम बोलावून दाखवलं, बघा, न मोजता जगले. सरांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, मोजलं का?

इथे माझा खरा राग आहे. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा आहे, एंजल उबेतला. तुमच्या पेटीला एलईडी चालेल, माझ्या पेटीला चालणार नाही. एवढं एक वाक्य त्या माणसाने त्या दिवशी बोलायला हवं होतं. त्यांना ते माहीत होतं. पण माणसाने स्वतः मोजून शोधावं, ऐकीव ज्ञान घेऊ नये, हा त्यांचा हट्ट. तो हट्ट त्यांनी पोरांना शिकवताना केला तर ठीक. मला कशाला?

पुढच्या डिसेंबरच्या शेवटी त्यांच्या मुलीचा हैदराबादहून निरोप आला. बाळंतपणाची तारीख आधी आली होती. सर आणि भाभी दोघांना जावं लागलं, बारा दिवसांसाठी. नेमकं त्याच आठवड्यात मादीने अंडी घातली होती, आणि तिसरा दिवस उजाडला तरी ती पांढरी पडली नव्हती. सरांचा पाय निघत नव्हता. मला किल्ली देताना त्यांनी एक चिठ्ठी दिली: दिवसा दोन बल्ब, रात्री लाल. लाइट गेली की गोधडी. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत. मग म्हणाले, ‘तौर सर, या बारीला होऊन राह्यलं वाटतं. दुसऱ्या कुणाला दिली नसती किल्ली.’

दोन दिवस मी बल्ब आणि गोधडीचं सगळं चिठ्ठीप्रमाणे केलं. पण लाइट सकाळी जायची ती मी शाळेला निघायच्या वेळी, आणि यायची मी शिकवत असताना. गोधडी घालायला एकदा, काढायला एकदा, अशा खेपा घालून माझा जीव मेटाकुटीला आला. मला वाटलं, हा नुसता जुना हेका आहे. माझे मासे एलईडीखाली नाचतायत आणि हे इथे गोधड्या गुंडाळतायत. तिसऱ्या दिवशी मी घरून बॅटरीवर चालणारी एलईडीची पट्टी आणि हवेचा लहान पंप आणला. बल्ब काढले, पट्टी लावली. लाइट जावो नाहीतर येवो, उजेड चालू, हवा चालू. गोधडी घडी घालून कपाटात ठेवली. पांढऱ्या उजेडात मासे इतके सुंदर दिसले की सर आल्यावर आपली पाठ थोपटतील, असंच मला वाटलं.

आणि वही. थर्मामीटर पेटीच्या मागच्या काचेला टांगलेला होता. तो बघायला पेटीमागे वाकावं लागे. मी नाही वाकलो. आधीच्या पानावर सगळीकडे सव्वीस होतं, म्हणून मीही सव्वीस लिहीत गेलो. सकाळी सव्वीस, संध्याकाळी सव्वीस. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. सरांना आकडे हवेत, आपण आकडे देऊ, एवढाच माझा विचार.

त्या आठवड्यात थंडी फार पडली. मासे हलायचे कमी झाले, तळाशी एका जागी उभे राहायला लागले. मी बायकोला म्हणालो, सरांचे मासे कसे शांत झाले बघ. सातव्या सकाळी दार उघडलं तर नर-मादी दोघं आडवे पडले होते. पाटीवरची अंडी पांढरी होती. तेव्हा मी पेटीमागे वाकलो आणि पहिल्यांदा थर्मामीटर पाहिला. सतरा.

मग मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. मी पट्टी काढली, बल्ब परत बसवले, गोधडी पेटीवर टाकली. वहीत त्या सकाळचाही सव्वीस लिहिला. नंतर हैदराबादला फोन लावला. मासे गेले म्हणून सांगितलं. मग सरांनी विचारलं, टेम्परेचर? मी म्हणालो, सव्वीस.

सर परत आले, नातू झाल्याचे पेढे देऊन खुर्चीवर बसले आणि वही मांडीवर घेतली. बल्ब चालू होते का, विचारलं. मी हो म्हणालो. गोधडी? हो म्हणालो. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास की तिसऱ्यांदा काही विचारलं नाही. अकरा वर्षांची पानं त्यांनी एकदा पुढे, एकदा मागे चाळली आणि वही मिटली. म्हणाले, ‘मंग टेम्परेचरचा काही संबंध न्हाई म्हणायचा. बेकारच मोजून राह्यलो इतकी वर्षं.’

त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी पेढा खाल्ला आणि घरी आलो.

नवे मासे त्यांनी आणले नाहीत. मागची लहान पेटी कुणाला तरी देऊन टाकली. खिशातला थर्मामीटर दिसेनासा झाला. गल्लीतले लोक खूश होते. सर सुधारले म्हणत, आता माणसासारखं बोलतात. एकाने त्यांना माझ्यादेखत विचारलं, माशाच्या पेटीला बल्ब लावू का एलईडी? सर म्हणाले, काहीबी लावा, सगळं सारखंच. पंचवीस वर्षं मी ज्या सरळ उत्तराची वाट पाहिली ते असं दुसऱ्याला मिळालं, आणि मला तिथे उभं राहवेना. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज वाटायचं, आता सांगून मासे थोडेच परत येणार आहेत?

मे महिन्यात मुलीने हट्टच धरला आणि दोघांनी हैदराबादला कायमचं जायचं ठरवलं. आदल्या दुपारी मी सामान बांधायला गेलो. काचपेटीत भाभींनी कांदे भरून ठेवले होते. भाभी पदराने वारा घेत म्हणाल्या की आज गर्मी बहुत है. मी सवयीने सरांकडे पाहिलं. ते सुतळी कापत होते. मान वर न करता म्हणाले, ‘असंल.’

तो एक शब्द मला सोसवला नाही.

‘सर, ते सव्वीस खोटं होतं,’ मी म्हणालो. ‘मी एकबी दिवस थर्मामीटर बघितला न्हाई. बल्ब काढून एलईडी लावली होती. गोधडी कपाटात होती.’

भाभींचा हात थांबला. सर माझ्याकडे पाहत राहिले. त्या नजरेत राग होता, आणि तो मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं. ते ओरडले नाहीत.

‘मंग खरं किती होतं?’

‘सतरा.’

‘मोजलं का?’

‘मेल्यावर मोजलं, सर.’

सरांनी बांधून झालेल्या ट्रंकेची दोरी सोडली. तळातून वही काढली, चष्मा लावला आणि माझ्या हस्ताक्षरातला एकेक सव्वीस खोडायला लागले. बल्ब कोणत्या दिवशी काढले ते विचारलं. त्याआधीच्या आणि नंतरच्या दिवसांचं खरं काय होतं, विचारलं. मी म्हणालो, माहीत न्हाई. त्या जागा त्यांनी कोऱ्या ठेवल्या. शेवटच्या सकाळच्या समोर सतरा लिहिलं आणि त्याच्यापुढे, अंडी पांढरी. मग वही बाजूला ठेवून काचपेटीपाशी गेले आणि एकेक कांदा बाहेर काढायला लागले. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो मनगटाने बाजूला सारला.

मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. सरळ उत्तर मिळालं नसतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो लागला. भाभी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. मागे सामानात मधोमध काचपेटी होती, चारही बाजूंनी त्याच गोधडीत गुंडाळलेली, आणि तिच्यावर हात ठेवून मोईन सर पोत्यावर बसले होते. शर्टाच्या खिशात थर्मामीटर होता. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मागची फळी लावताना ड्रायव्हर म्हणाला, काळजी करू नका चाचा, काच हाय ना, एकदम हळू नेतो.

‘हळू म्हंजे किती?’ सरांनी विचारलं.

ड्रायव्हरने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि फळीची कडी नीट लागली का ते बघत राहिलो.